भिलाई परिसरातील ख्रिस्ती मंडळ्या आणि स्थानिक समाज : मालगुजारीपासून पोलादनगरीपर्यंत

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई हे दुर्ग जिल्ह्यातील भातशेतीच्या पट्ट्यातील एक खेडे होते. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पुढील काळात केरळ, आंध्र, बंगाल, पंजाब, ओडिशा, बिहार, महाराष्ट्र अशा प्रांतांतून आलेल्या माणसांची एक नवी नगरी येथे उभी राहिली. तिच्यात जशी मंदिरे, मशिदी, गुरुद्वारे आली, तशी ख्रिस्ती उपासनामंदिरेही आली. परंतु छत्तीसगढच्या या मैदानी प्रदेशाला ख्रिस्ती मंडळ्यांचा परिचय तत्पूर्वी ९० वर्षांपासून होता. त्या जुन्या परिचयाचे स्वरूप वेगळे होते, त्याची साधने वेगळी होती आणि त्याने निर्माण केलेले प्रश्नही वेगळे होते. जुन्या आणि नव्या या दोन संपर्कांची तुलना करून, मंडळी आणि तिच्या भोवतालचा समाज यांच्यातील नाते कोणत्या गोष्टींनी घडले वा बिघडले, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठीच्या अभ्यासकाला हा विषय परका नाही. १७४१ साली भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे हैहयवंशीय राज्य नागपूरकर भोसल्यांच्या प्रभावाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले आणि मोडी लिपीतील मराठी दफ्तर या प्रदेशात रुजले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाल्यावरही, थेट १९५६ पर्यंत, छत्तीसगढची राजधानी नागपूरच होती. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव येथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली. ख्रिस्ती मिशनच्या इतिहासातही नागपूर आणि छत्तीसगढ यांची वाट एकच आहे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

१. सतनाम आणि मिशनचे गाव

छत्तीसगढच्या मैदानात ख्रिस्ती कार्याचा आरंभ १८६८ साली झाला. अमेरिकेतील जर्मन भाषिक इव्हँजेलिकल मंडळीने पाठविलेले ऑस्कर लोर हे नागपूर येथील स्कॉटिश मिशनऱ्यांच्या सूचनेवरून रायपूरकडे वळले. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४०च्या दशकातच शिक्षणाच्या द्वारे कार्य सुरू केले होते. लोर यांचे लक्ष वेधले ते सतनामी समाजाने. गुरू घासीदास यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिपूजा व जातिभेद नाकारणारा, निराकार सतनामाची उपासना सांगणारा पंथ स्थापन केला होता. त्याचे अनुयायी मुख्यत्वे चामार जातीतील शेतकरी होते. छत्तीसगढच्या लोकसंख्येत या समाजाचे प्रमाण सुमारे सहाव्या हिश्श्याइतके होते. घासीदासांचे पुत्र बालकदास यांनी अनुयायांना जानवे घालण्याचा अधिकार दिला आणि त्याच संघर्षात १८६० साली त्यांची हत्या झाली.

एकेश्वर, मूर्तिपूजेचा निषेध, जातिभेदाचा इन्कार आणि ‘सत्यनाम’ या गोष्टींमुळे लोर यांना हा समाज ख्रिस्ती संदेशासाठी जणू अगोदरच सिद्ध झालेला वाटला. सतनामी गुरूंच्या दरबारात आरंभी त्यांचे स्वागतही झाले. परंतु बाप्तिस्मा घेणे म्हणजे जानवे, कंठी आणि गुरूशी असलेले नाते सोडणे होय, हे ध्यानात येताच वातावरण पालटले. सतनामी जानवे हे सवर्णांचे अनुकरण नव्हते. ते सवर्णांच्या विरोधात प्राण देऊन मिळविलेले प्रतिष्ठेचे चिन्ह होते. मिशनरी दृष्टीला ते केवळ हिंदू अंधश्रद्धेचे अवशेष वाटले. समाजाच्या सामूहिक धर्मांतराची अपेक्षा फोल ठरली आणि पुढे मंडळी वाढली ती एकेका कुटुंबाने, नात्यागोत्याच्या धाग्याने आणि दुष्काळाच्या वर्षांत.

या अनुभवातून मिशनने जो मार्ग स्वीकारला, तो छत्तीसगढच्या ख्रिस्ती इतिहासाचा गाभा आहे. १८६०च्या दशकातील जमाबंदीने मध्य प्रांतात मालगुजारांना गावाची मालकी दिली होती. मिशनने रायपूरच्या उत्तरेस जमीन घेऊन ‘बिश्रामपूर’ हे गाव वसविले आणि स्वतः त्याचे मालगुजार झाले. मिशनरी हा त्या गावात एकाच वेळी पाळक, जमीनमालक, न्यायाधीश, शाळाचालक व औषध देणारा होता. बहिष्कृत झालेल्या नवख्रिस्ती कुटुंबाला शेत, घर आणि आधार मिळाला, हे निर्विवाद. परंतु त्याच वेळी ते कुटुंब मालकाचे कूळही झाले. सौरभ दुबे यांनी ‘अनटचेबल पास्ट्स’ (१९९८) या ग्रंथात व अन्य लेखनात दाखवून दिले आहे की, येथील ख्रिस्ती लोकांनी मिशनऱ्याला मालक व माय-बाप या परिचित प्रतिमांतून समजून घेतले. विवाह, सोयरिकी व शुद्धाशुद्धता यांविषयीच्या जुन्या कल्पनाही त्यांनी नव्या धर्मात आपल्या परीने सामावून घेतल्या. पुढे मिशनने मंडळीला ‘स्वावलंबी’ करण्याचे ठरविले, तेव्हा मंडळीतील लोकांनी जुन्या पालकत्वाचाच हवाला देऊन त्यास विरोध केला. अवलंबित्व एका बाजूने लादलेले नव्हते आणि एका बाजूने मोडताही येत नव्हते.

२. दुष्काळ आणि उखडलेली माणसे

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत उद्ध्वस्त केला. दुसरा दुष्काळ संवत १९५६ मधील म्हणून ‘छप्पनिया’ या नावाने लोकस्मृतीत राहिला. याच काळात अमेरिकन मेनोनाइट मिशनचे जेकब रेस्लर व डॉ. विल्यम पेज १८९९ साली धमतरीस आले. मेनोनाइट हे युद्ध व शस्त्र नाकारणारे, साधे कृषिजीवन मानणारे लोक. धमतरीत त्यांचे पहिले काम धर्मोपदेशाचे नसून अन्नवाटपाचे व दुष्काळी कामांच्या व्यवस्थेचे होते. सरकारी छावण्यांतील अनाथ मुले त्यांच्या स्वाधीन करण्यात आली आणि हीच मुले पुढे धमतरीच्या मंडळीचा पाया ठरली.

या घटनेचा सामाजिक अर्थ लक्षात घेतला पाहिजे. बिश्रामपूरची मंडळी निदान नात्यागोत्याने सतनामी खेड्यांशी जोडलेली होती. धमतरीची पहिली पिढी मात्र आईबाप, जात आणि गाव या तिन्हींना पारखी झालेली होती. मुले मोठी झाल्यावर त्यांनी राहावे कोठे, कसावे काय, हा प्रश्न उभा राहिला आणि मिशनने १९०६ साली बालोदगहन हे गाव विकत घेतले. येथेही पुन्हा तेच उत्तर : ज्याला गाव उरले नाही, त्याला मिशनने गाव द्यावे. दया आणि मालकी या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करणे त्या काळच्या व्यवस्थेत जवळजवळ अशक्य होते.

जेथे मालकीचा प्रश्न दुय्यम होता, तेथे मिशनचे कार्य अधिक सर्वस्पर्शी झाले. कुष्ठरोग्यांची सेवा हे त्याचे ठळक उदाहरण होय. बिश्रामपूरनजीक चांदखुरी येथे १८९७ साली आणि चांपा येथे जनरल कॉन्फरन्स मेनोनाइट मिशनचे पीटर पेनर यांच्या प्रयत्नाने १९०२ साली कुष्ठधामे सुरू झाली. छत्तीसगढ हा कुष्ठरोगाचा प्रादुर्भाव असलेला प्रदेश होता. घरातून व गावातून हाकलल्या गेलेल्या रोग्याला कोणत्याही धर्माच्या समाजात जागा नव्हती. त्याला ठेवून घेण्याविरुद्ध कोणाची तक्रारही नव्हती. धमतरीत १९१० साली सुरू झालेले ख्रिस्ती रुग्णालय व पुढे त्यास जोडलेले परिचारिका-प्रशिक्षण यांनीही मंडळीच्या सीमेबाहेरील समाजाशी नित्याचे नाते जोडले. आजारी माणूस धर्म विचारून रुग्णालयात येत नसे. बाळंतपण, सर्पदंश, हिवताप यांसाठी भोवतालच्या खेड्यांतून लोक येत राहिले. त्यांतील बहुतेकांनी धर्म बदलला नाही, तरी रुग्णालय त्यांना परके राहिले नाही.

३. राजनांदगावची वाट

ख्रिस्ती धर्म व स्थानिक समाज यांच्या संबंधाची तिसरी वाट याच परिसरातून गेली. परंतु तिचे फलित छत्तीसगढात नव्हे, महाराष्ट्रात दिसले. नागपूरहून निघालेली रेल्वे १८८०च्या दशकाच्या आरंभी राजनांदगावपर्यंत पोहोचली आणि १८९१ पर्यंत बंगाल-नागपूर रेल्वेने ती दुर्ग, रायपूर, बिलासपूरमार्गे आसनसोलला जोडली. १८९३ साली नारायण वामन टिळक हे नागपूर सोडून नोकरीच्या शोधात याच मार्गाने राजनांदगावास निघाले होते. गाडीत त्यांची गाठ फ्री मेथडिस्ट मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड यांच्याशी पडली. वॉर्ड यांनी त्यांच्याशी काव्याविषयी, धर्माविषयी बोलून निरोप घेताना त्यांच्या हाती नवा करार ठेवला. राजनांदगाव संस्थानात असताना टिळकांनी तो वाचला. डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या प्रसंगाची कथा मराठी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे परिचित आहे. घरच्या माणसांवर काय गुदरले, हेही त्या ग्रंथाने निर्भीडपणे सांगितले आहे. येथे महत्त्वाचे आहे ते संपर्काचे स्वरूप. या भेटीत जमीन नव्हती, दुष्काळ नव्हता, उपकार नव्हता. दोन प्रवासी समान पातळीवर बोलले आणि त्यांतील एकाने दुसऱ्याला एक पुस्तक दिले. टिळकांनी पुढे ज्या ख्रिस्ती जीवनाचा पुरस्कार केला, त्यात परदेशी मिशनच्या पालकत्वाला उघड विरोध होता. त्यांनी मराठी मंडळीला अभंग, भजन व कीर्तन दिले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेहून अधिक गीते आहेत. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघांनाही त्यात स्थान असावे, ही त्यांची कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण मंडळीच्या भिंतीचा प्रश्न त्यांनी मराठीत स्पष्टपणे मांडला.

छत्तीसगढात भाषेचा प्रश्न निराळ्या प्रकारे सुटला, किंबहुना सुटला नाही. लोकांची बोली छत्तीसगढी. तिचे व्याकरण धमतरीतील शिक्षक हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ साली सिद्ध केले आणि ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर १८९० साली प्रसिद्ध केले. मात्र मिशनच्या शाळा, उपासना व छापील साहित्य यांची भाषा प्रामुख्याने हिंदी राहिली. शाळेची, कचेरीची व नोकरीची भाषा तीच असल्याने हा निर्णय व्यवहार्य होता. परंतु सतनामी पंथाची पंथी गीते आणि दामाखेडा परंपरेतील कबीरपंथीयांची चौका-आरती ज्या भाषेत व लयीत लोकांच्या अंतःकरणापर्यंत जात होती, त्या भाषेत मंडळीची उपासना तितक्या खोलवर रुजली नाही. ज्या रेल्वेमार्गावर मराठी ख्रिस्ती काव्याचे बीज पडले, त्याच मार्गावरील समाजाच्या बोलीला मात्र त्या तोडीचा ख्रिस्ती कवी लाभला नाही.

४. संशयाचा काळ

स्वातंत्र्यानंतर दोन घटनांनी जुन्या व्यवस्थेचा पाया हलला. १९५१ साली मध्य प्रदेशात मालगुजारी संपुष्टात आली आणि मिशनचे गावावरील स्वामित्व संपले. याच सुमारास मिशनच्या संस्था भारतीय मंडळ्यांकडे सोपविण्याची प्रक्रिया वेगाने सुरू झाली. दुसरी घटना राजकीय होती. १४ एप्रिल १९५४ रोजी मध्य प्रदेश शासनाने नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश डॉ. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनच्या कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ साली नागपुरात प्रसिद्ध झाला. सरगुजा, रायगढ या आदिवासीबहुल भागांतील घडामोडी समितीपुढे प्रामुख्याने होत्या. शाळा, रुग्णालये व अनाथाश्रम यांचा उपयोग धर्मांतराचे साधन म्हणून केला जातो, हा तिचा मुख्य आक्षेप. ख्रिस्ती संस्थांनी अहवालावर एकांगीपणाचा आरोप केला. परंतु त्या अहवालाने सेवेच्या प्रत्येक कृतीकडे हेतूच्या दृष्टीने पाहण्याची रीत सार्वजनिक जीवनात रूढ केली.

१९६८ साली मध्य प्रदेश धर्मस्वातंत्र्य कायदा झाला. बळ, प्रलोभन वा फसवणूक यांद्वारे होणाऱ्या धर्मांतरास त्याने बंदी घातली आणि धर्मांतराची सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यास देणे आवश्यक केले. या कायद्याची घटनात्मकता ज्या खटल्यात तपासली गेली, तो याच परिसरातील होता. बलौदाबाजारच्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याने रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर खटल्यास मंजुरी दिली होती. १७ जानेवारी १९७७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरविला आणि धर्माचा प्रसार करण्याच्या मूलभूत अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही, असा निर्वाळा दिला. शतकभरापूर्वी बिश्रामपूर ज्या तालुक्यांच्या टापूत वसले, त्याच टापूतून हा निर्णायक खटला निघावा, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. जुन्या मिशनने ठेवलेल्या वारशात कृतज्ञता होती, तसा संशयही होता.

५. पोलादनगरीतील मंडळ्या

नियोगी समिती काम करीत असतानाच भिलाईचा करार झाला होता. कारखान्यासाठी अनेक गावांची जमीन संपादित झाली. भिलाईचे दीर्घकाळ अध्ययन करणारे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी १९९३ पासूनच्या क्षेत्रकार्यातून आणि ‘क्लासेस ऑफ लेबर’ (२०२०) या ग्रंथातून या नगरीचे अंतरंग उलगडले आहे. त्यांच्या विवेचनावरून दिसते की, आरंभी अनेक स्थानिक छत्तीसगढी शेतकरी कारखान्यातील कामाबद्दल साशंक होते. दूरदेशाहून आलेल्यांनी मात्र ती संधी घेतली. कायम नोकरीचे संरक्षण असलेला कामगार आणि कंत्राटी कामगार यांच्यातील दरी पुढे इतकी रुंदावली की, ते दोन वेगळे वर्गच झाले.

या नगरीतील ख्रिस्ती मंडळ्या मुख्यत्वे आगंतुकांच्या होत्या. केरळातील सीरियन परंपरेच्या ऑर्थोडॉक्स, मार थोमा व कॅथलिक मंडळ्या, तसेच तेलुगू व तमिळ भाषिक आणि छोटा नागपूर व ओडिशाकडून आलेले ख्रिस्ती असे तिचे मिश्र स्वरूप होते. कॅथलिक व्यवस्थेत हा प्रदेश १९६४ पर्यंत नागपूर धर्मप्रांताखाली होता. त्या वर्षी रायपूरचा स्वतंत्र प्रभाग झाला, १९८४ साली तो धर्मप्रांत व २००४ साली महाधर्मप्रांत झाला. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी अनेक मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालेल्या उत्तर भारत मंडळीत (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) विलीन झाल्या. मेनोनाइट मात्र स्वतंत्र राहिले.

जुन्या मिशनशी तुलना केली असता भिलाईत तीन मूलभूत फरक आढळतात. पहिला फरक जमिनीचा. बिश्रामपुरात मंडळी मालगुजार होती. भिलाईच्या वसाहतीत जमीन कारखान्याची होती आणि इतर सर्व धर्मीयांप्रमाणे ख्रिस्ती मंडळीही तेथे परवानगीने राहणारी होती. सेक्टर ६ मध्ये निरनिराळ्या धर्मांची प्रार्थनास्थळे परस्परांच्या जवळ उभी राहिली. हे सान्निध्य नगररचनेतून आले, तरी त्यातून शेजारधर्माची एक सवय निर्माण झाली.

दुसरा फरक सेवेचा. धमतरीत शाळा व दवाखाना मिशनने आणला, कारण दुसरे कोणी आणत नव्हते. भिलाईत शाळा, रुग्णालय, घर, पाणी, वीज हे सर्व सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्याने दिले. सेक्टर ९ मधील जवाहरलाल नेहरू रुग्णालय हे त्याचे प्रतीक होय. मिशनची परंपरागत साधने शासनाने आपल्या हाती घेतल्यावर मंडळीने समाजाला काय द्यावे, हा प्रश्न प्रथमच उभा राहिला. त्याचे एक उत्तर इंग्रजी माध्यमाच्या शिक्षणात सापडले. मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळीच्या सेंट थॉमस मिशनने सेक्टर ६ मधील एम. जी. एम. विद्यालय, १९८४ साली सेंट थॉमस महाविद्यालय आणि १९९८ साली ख्रिश्चन कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजी या संस्था उभारल्या. या कार्यामागील एक प्रमुख नाव म्हणजे कोलकाता धर्मप्रांताचे मेट्रोपॉलिटन स्तेफानोस मार थिओडोसियस. २००७ साली ते निवर्तले आणि त्यांची समाधी भिलाईच्या सेंट थॉमस आश्रमात आहे. केरळात जन्मलेल्या धर्माध्यक्षाने भिलाईच्या मातीत चिरविश्रांती घ्यावी, ही गोष्ट आगंतुक मंडळी या भूमीत रुजल्याची खूण म्हणता येईल.

तिसरा फरक भाषेचा व वर्गाचा. मलयाळम उपासना ही परमुलखातील कामगाराला घराचा आधार देणारी होती. पण शेजारच्या छत्तीसगढी माणसाला तिच्यात प्रवेश नव्हता. इंग्रजी शाळेने सर्व धर्मांच्या मुलांना दार उघडले. तथापि खासगी इंग्रजी शिक्षण बहुधा ज्यांना शुल्क परवडते त्यांच्यापर्यंतच पोहोचते, आणि भिलाईत अशी कुटुंबे प्रामुख्याने कायम नोकरीवाल्यांची होती. वसाहतीच्या सीमेबाहेर, कंत्राटी मजुरांच्या वस्त्यांत व विस्थापितांच्या खेड्यांत प्रश्न निराळे होते. १९८०च्या दशकाच्या मध्यास कारखान्यात साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. पुढील तीन दशकांत ही संख्या निम्म्याहूनही खाली आली आणि कंत्राटी मजुरीचा विस्तार झाला. मंडळीच्या सेवेची गरज जेथे वाढत होती, तेथे तिच्या मोठ्या संस्था नव्हत्या.

या पोकळीत दुसऱ्याच एका चळवळीने जे करून दाखविले, त्याची दखल येथे घेणे अगत्याचे आहे. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाणकामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून व श्रमातून १९८३ साली शहीद रुग्णालय उभारले. त्याच्या उभारणीत सहभागी असलेल्या डॉक्टरांत वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर डॉ. विनायक सेन होते. मिशनच्या वैद्यकीय परंपरेत घडलेले ज्ञान येथे मंडळीच्या मार्फत नव्हे, तर कामगार संघटनेच्या मार्फत लोकांपर्यंत गेले. रुग्णालयाचे मालक रुग्णच होते. बिश्रामपूरच्या व्यवस्थेत हे शक्य नव्हते आणि भिलाईतील मंडळ्यांनी ते केले नाही. २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची भिलाईत हत्या झाली. रुग्णालय मात्र टिकून राहिले.

६. समारोप

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले आणि १९६८चा कायदा वारशाने त्याच्याकडे आला. २०११च्या जनगणनेनुसार राज्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ४.९ लाख, म्हणजे १.९२ टक्के होती. दीड शतकाच्या मिशनकार्यानंतरचे हे प्रमाण आहे. या आकड्याच्या मानाने मंडळ्यांविषयीच्या वादाचे आकारमान पुष्कळच मोठे आहे.

२०२५ साली दोन घटनांनी हा वाद देशभर पोहोचविला. ७ जानेवारी रोजी बस्तर जिल्ह्यातील छिंदवाडा गावच्या एका ख्रिस्ती पाळकाचे निधन झाले. त्यांच्या आप्तांची दफने पूर्वी त्याच गावात झाली होती; पण या वेळी गावात विरोध झाला. शव सुमारे तीन आठवडे शवागारात राहिले. २७ जानेवारी रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींची मते भिन्न पडली : एका मते कुटुंबाच्या खासगी जमिनीत दफन होऊ द्यावे, तर दुसऱ्या मते नेमून दिलेल्या दफनभूमीतच ते व्हावे. अखेरीस वीस किलोमीटरहून अधिक अंतरावरील करकापाल येथील ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला. त्यानंतर २५ जुलै रोजी दुर्ग रेल्वे स्थानकावर केरळच्या दोन कॅथलिक धर्मभगिनी आणि त्यांच्यासोबतचा एक आदिवासी तरुण यांना मानवी तस्करी व धर्मांतराच्या आरोपांवरून अटक झाली. सोबतच्या तरुणी स्वेच्छेने नोकरीसाठी निघाल्या होत्या, असे त्यांच्या कुटुंबीयांचे म्हणणे होते. २ ऑगस्ट रोजी बिलासपूरच्या विशेष न्यायालयाने तिघांना जामीन दिला. १८९३ साली टिळक ज्या लोहमार्गाने प्रवास करीत होते, त्याच मार्गावरील हे स्थानक आहे. त्या काळी गाडीतील अनोळखी माणसाशी धर्माविषयी बोलणे ही एक साधी गोष्ट होती.

या साऱ्या इतिहासातून कोणत्याही एका पक्षाच्या सोयीचा निष्कर्ष निघत नाही. मिशनने गावाची मालकी घेतली, तेव्हा तिचे औदार्य आणि तिची सत्ता एकरूप झाली आणि पुढील संशयाला त्यातून आधार मिळाला, हे मान्य करावे लागते. त्याचबरोबर, ज्यांना गावाने दुष्काळात, कुष्ठरोगात वा जातिबहिष्कारात टाकून दिले होते, त्यांनाच मिशनने गाव दिले, हेही तितकेच खरे आहे. छिंदवाड्यातील कुटुंबाचा प्रश्न मुळात हाच होता : धर्म बदललेला माणूस गावचा राहतो की नाही? १८६८ साली बिश्रामपुराने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळे गाव वसविण्याचे होते. २०२५ साली मिळालेले उत्तर वेगळ्या दफनभूमीचे आहे. दोन्ही उत्तरांत शेजार तुटतो.

मंडळीचा स्थानिक समाजाशी संबंध जेथे टिकला, तेथे तीन गोष्टी आढळतात. सेवा घेणाऱ्याला मंडळीचे कूळ व्हावे लागले नाही. सेवा देणारा लोकांच्या भाषेत बोलला. आणि संस्था ज्यांच्यासाठी होती, त्यांचा तिच्यावर काही अधिकार राहिला. धमतरीचे रुग्णालय पहिल्या कसोटीला, टिळकांचे भजन दुसऱ्या कसोटीला आणि दल्ली-राजहऱ्याचे रुग्णालय तिसऱ्या कसोटीला उतरते. तिन्ही कसोट्या एकाच संस्थेने पूर्ण केल्याचे उदाहरण या परिसराच्या इतिहासात सहजी सापडत नाही. भिलाईतील मंडळ्यांकडे विद्या आहे, संस्था आहेत आणि सेक्टरांतील शेजाराचा सहा दशकांहून अधिक काळाचा अनुभव आहे. कारखान्याच्या भिंतीबाहेरील छत्तीसगढी वस्तीपर्यंत हा शेजार पोहोचविणे हे त्यांच्यापुढील अपुरे राहिलेले कार्य होय.